पहिलं प्राचीन नाणं घेताना: नागपूरच्या नवख्या संग्राहकांसाठी

नागपुरात जुनं नाणं विकायला येतं तेव्हा ते एकटं येत नाही, सोबत एक गोष्ट घेऊन येतं. ‘पवनीकडे शेतात नांगराला लागलं.’ ‘आजीच्या देवघरात होतं, पिढ्यान्‌पिढ्या हळदीकुंकू लागलंय त्याला.’ ‘महालातला जुना वाडा पाडला, भिंतीत गाडगं निघालं.’ वीसेक वर्षांत या तीन गोष्टी मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की आता गोष्ट सुरू झाली की मी नाणं हातात घेऊन खिडकीपाशी जातो. नव्या माणसाचं उलटं होतं. तो गोष्ट ऐकत बसतो, आणि पैसे देतो ते त्या गोष्टीचेच.

‘शेतात सापडलं’ या वाक्याचा आधी नीट विचार करा. ते खोटं असेल तर नाणं बहुधा बनावट आहे. खरं असेल तर प्रश्न आणखी गंभीर आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत लपलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. म्हणजे वाक्य खरं असो की खोटं, ते नाणं आपण घ्यायचं नाही. पवनी, कुही तालुक्यातलं अडम, कौंडिण्यपूर, मनसर, ही नावं विदर्भाच्या इतिहासात मोठी आहेत, म्हणूनच विकणाऱ्यांच्या तोंडी ती सारखी असतात. गावाबाहेरच्या रिठावर, म्हणजे ओसाड पडलेल्या जुन्या वस्तीच्या जागी, पावसाळ्यानंतर नाणी वर येतात हे खरंच आहे. ती उचलून बाजारात आली की त्या जागेचा इतिहास तेवढा कायमचा पुसला जातो.

माझ्या पहिल्याच वर्षी इतवारीत एका चहाच्या टपरीवर एका माणसाकडून मी अकरा आहत, म्हणजे ठशांनी चिन्हं ठोकलेली, नाणी घेतली. चांदीची, काळपट, सगळ्यांना माती लागलेली. ‘असा माल पुन्हा नाई भेटत, भाऊ,’ तो म्हणाला. महिनाभरानं घरी एकदा पांढऱ्या कागदावर मांडली तेव्हा दोन नाण्यांच्या उजव्या कोपऱ्यात सारखीच भेग दिसली. त्याच जागी, त्याच लांबीची. मग तिसऱ्यावरही. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे गेले त्याचं दुःख होतंच. पण महिनाभर ज्या वस्तू मी भक्तीनं हाताळल्या त्या कुणीतरी साच्यात ओतल्या होत्या, हे जास्त लागलं. पुढे जे लिहितो आहे ते सगळं त्या भेगेतून सुरू झालेलं आहे.

पहिली पायरी: तीन महिने काहीही घेऊ नका

हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात स्वस्त आहे. सिव्हिल लाइन्समधल्या अजब बंगल्यात जा. मध्यवर्ती संग्रहालय हे त्याचं अधिकृत नाव, स्थापना १८६३ ची. विदर्भात सापडलेली नाणी त्यांच्या संग्रहात आहेत. जाण्याआधी नाण्यांचं दालन उघडं आहे का ते विचारून घ्या. खरं नाणं समोर ठेवून वेळ घालवायची सवय झाली की डोळा आपोआप तयार होतो. शहरात अधूनमधून नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथेही जा, पण पाकीट घरी ठेवून. घरबसल्या पाहायचं तर मोठ्या लिलावघरांचे कॅटलॉग इंटरनेटवर फुकट असतात, प्रत्येक नाण्याचा फोटो आणि वजन दिलेलं असतं. ‘झेनो’ आणि ‘कॉइनइंडिया’ या संकेतस्थळांवर तर एकेका प्रकाराची कितीतरी नाणी लागोपाठ पाहता येतात. तुम्हाला जो प्रकार घ्यायचा आहे त्याचे किमान शंभर नमुने पाहून झाल्याशिवाय पहिलं नाणं घेऊ नका.

वाचायलाही आपल्या शहरात भरपूर आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी नागपूरचे. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास शिकवलेले अजय मित्र शास्त्री हेही नाण्यांचे मोठे अभ्यासक. दोघांचं लेखन ग्रंथालयात शोधा. नाशिकला गेलात तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेला अर्धा दिवस द्या.

मिराशींचं नाव काढलं म्हणून तऱ्हाळ्याची हकिगत सांगतोच. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, आताच्या वाशिममध्ये, मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा गावी सातवाहनांची दीड हजारांहून जास्त पोटीनची, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूची, नाणी एकत्र सापडली. मिराशींनी ती वाचली तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी राजांची नावं निघाली. पुराणांतल्या राजवंशांच्या याद्यांत ही नावं नाहीत. हा ठेवा एकगठ्ठा अभ्यासकांपर्यंत पोचला म्हणून हे राजे आज आपल्याला माहीत आहेत. चहाच्या टपऱ्यांवर दहा-दहा करून विकला गेला असता तर ‘अक्षरं पुसट असलेली हत्तीची नाणी’ एवढंच उरलं असतं.

दुसरी पायरी: एकच प्रकार निवडा

सगळं थोडं थोडं घेणारा माणूस सगळ्यांत फसतो. सुरुवातीला तीन पर्याय मला ठीक वाटतात.

आहत नाणी, म्हणजे चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यावर एकेक चिन्ह वेगळ्या ठशानं उमटवलेली. मगध-मौर्य काळातल्या नेहमीच्या कार्षापणावर, म्हणजे त्या काळच्या चांदीच्या नाण्यावर, पुढच्या बाजूला पाच चिन्हं असतात आणि वजन ३.३ ग्रॅमच्या आसपास. वजन जुळवायला कोपरे छाटलेले दिसतात. आकार वेडावाकडा, कारण तो महत्त्वाचाच नव्हता. यातली साधी नाणी आजही काही शे ते हजार-दोन हजारांत मिळतात. ‘दोन हजार वर्षं जुनं’ म्हणजे महाग असा हिशेब नसतो. किंमत ठरते ती नाणं किती दुर्मीळ, किती स्पष्ट आणि त्याला मागणी किती यावर.

पश्चिमी क्षत्रपांची, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या शक राजांची, चांदीची नाणी दोन-सव्वादोन ग्रॅमची असतात. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर. नंतरच्या काळातल्या नाण्यांवर चेहऱ्यामागे शक संवताचं वर्षही असतं, त्यामुळे ती अभ्यासायला फार गोड.

आणि आपली सातवाहन नाणी: शिसं, तांबं, पोटीन. चांदीची चेहऱ्याची नाणी दुर्मीळ, ती आता नको. विदर्भातल्या पोटीन नाण्यांवर सोंड उचललेला हत्ती आणि त्याच्यावर ब्राह्मी अक्षरं, मागे चार वर्तुळं जोडणारं उज्जैन चिन्ह. मी हाच प्रकार निवडला, कारण त्यातली अक्षरं शिकता येतात आणि ती आपल्या भाषेच्या पूर्वजाची आहेत. ‘सातकणिस’ म्हणजे सातकर्णीचं. शेवटचा ‘स’ म्हणजे आपला ‘चा-ची-चे’. ब्राह्मीतला ‘क’ म्हणजे बेरजेचं चिन्ह. ‘ण’ म्हणजे उभा दांडा आणि त्याला वर-खाली आडव्या पट्ट्या. ‘र’ म्हणजे नुसती उभी रेघ. दहा-बारा अक्षरं पाठ करायला एक रविवार पुरतो. बनावट नाणं करणाऱ्यानं पुष्कळदा हा रविवार घालवलेला नसतो. त्याची अक्षरं नक्षीसारखी येतात, वाचली जात नाहीत.

सोन्याकडे पहिली पाच वर्षं पाहू नका. गुप्तांचे दिनार आणि शिवछत्रपतींचा होन, या दोन्हींच्या नकला बाजारात जितक्या फिरतात तितकं अस्सल कुणाच्या नशिबी येत नाही. होन विकणारा माणूस आपल्या श्रद्धेला हात घालतो. महाराजांचं नाव ऐकून माणूस वजनकाटा विसरतो.

जी नाणीच नाहीत ती ओळखा

राम-सीता, हनुमान, कमळ किंवा ॐ आणि खाली ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’, ‘एक आणा’ असं लिहिलेली पितळी-तांब्याची चकती तुमच्या घरातही असेल. ते नाणं नाही. कंपनीनं असं नाणं पाडलंच नाही, आणि एक आण्याचं नाणं तर १९०६ च्या कायद्यानंतर आलं. पूजेत ठेवा, विकत घेऊ नका. रामटंका म्हणून विकली जाणारी बहुतेक नाणीही मंदिराच्या प्रसादाची टोकनं आहेत आणि त्यातली पुष्कळशी अलीकडची.

‘तांदूळ ओढणारं नाणं’, ‘विजेचं तांबं’ अशी भाषा कानावर आली तर तिथून उठा. या ‘चमत्कारी’ राइस पुलरच्या नादात लोकांनी शेतं विकली आहेत. तसंच, ‘तुमच्याकडच्या जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी कमिशन आणि टॅक्स भरा’ असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की असल्या व्यवहारांत ती नाही आणि तिच्या नावानं शुल्क मागायचा अधिकार कुणाला दिलेला नाही.

तिसरी पायरी: हातात घ्या आणि घाई करू नका

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, मिलिमीटरची पट्टी. काटा आणि भिंग मिळून हजार रुपयांच्या आत येतात, एका बनावट नाण्यापेक्षा स्वस्त.

आधी कड पाहा. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला दोन अर्धे जुळल्याची रेघ असते, किंवा ती घासून काढल्याच्या कानशीच्या खुणा. मग पृष्ठभाग. ठोकलेल्या नाण्यात चिन्हांच्या कडा खणखणीत असतात, धातू ठशाखाली सरकलेला दिसतो. ओतलेल्यात सगळं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, आणि भिंगाखाली बारीक गोल छिद्रं दिसतात. ती हवेच्या बुडबुड्यांची.

पण एवढ्यावरून निकाल देऊ नका, कारण काही प्राचीन नाणी खरोखरच ओतलेली होती. गंगेच्या खोऱ्यातली हत्ती आणि चैत्याची, अक्षरं नसलेली तांब्याची नाणी साच्यातूनच निघत. रोहतकजवळ खोक्राकोटला यौधेय या प्राचीन गणराज्याच्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी त्यावर सविस्तर अभ्यास केला. म्हणून आधी प्रकार ओळखा, मग तो कसा पाडला जायचा ते आठवा, आणि शेवटी हातातल्याशी ताडून पाहा. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली आहत नाणीही मिळतात. त्यातली काही त्याच काळातल्या लबाडांनी केलेली आहेत. ती खोटी असूनही प्राचीन आहेत.

आता ती भेग. हातानं ठोकलेल्या दोन नाण्यांचा ठसा एकच असू शकतो, पण धातूचा तुकडा तोच, ठसा बसला तो तसाच तिरका, तडा गेला तो त्याच जागी, हे कधी जुळत नाही. दोन नाण्यांत हे जुळलं की दोन्ही एका साच्यातली. म्हणून दुकानदाराकडे एकाच प्रकारची पाच-सहा नाणी असतील तर सगळी शेजारी मांडून पाहायला मागा. प्रामाणिक माणूस मांडून देतो. ऑनलाइन पाहत असाल तर फोटो जपून ठेवा. तेच नाणं, तोच तडा, सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या नावानं दिसतो तेव्हा हेच फोटो कामाला येतात.

सातवाहन नाण्यांत आणखी एक फसवणूक चालते आणि ती ओळखायला वेळ लागतो. नाणं खरं असतं, पण झिजलेलं. त्यावर कोरणीनं दुर्मीळ राजाचं नाव खोदलेलं असतं. भिंगाखाली अशा अक्षरांच्या तळाशी ओरखडे आणि उजळ धातू दिसतो, कारण जुनेपणाचा थर तिथे कापला गेलेला असतो. ठशानं उठलेलं अक्षर पृष्ठभागाच्या वर असतं आणि थर त्याच्यावरूनही सलग गेलेला असतो.

थराचा संशय आला तर दुकानदाराची परवानगी घेऊन शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस कडेला लावा. खऱ्या थराला आणि धातूला त्यानं काही होत नाही. बूट पॉलिश किंवा रंग असेल तर कापसावर उतरतो. माझ्या त्या अकरा नाण्यांची माती फेव्हिकॉलसारख्या डिंकात कालवून लावलेली होती.

चौथी पायरी: पाण्यातलं वजन

ही परीक्षा घरी करा. सराव झाला की दोन मिनिटांत होते. नाणं कोरडं वजन करा. समजा ३.३२ ग्रॅम आलं. आता काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा. तळाला, बाजूला टेकता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल त्यानं कोरड्या वजनाला भागा. ०.३३ आला तर भागाकार १०.०६, म्हणजे तांब्याचा थोडा अंश असलेल्या चांदीशी जुळणारा. ०.३८ आला तर ८.७, म्हणजे जर्मन सिल्व्हर (नावात चांदी असलेला, पण चांदी नसलेला मिश्रधातू) किंवा तांबं. ०.४५ आला तर सात-साडेसात, म्हणजे कथलासारखा धातू. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, शिशाची ११.३४, सोन्याची १९.३.

नाण्याला चिकटलेले बुडबुडे आकडा बिघडवतात, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. दोन ग्रॅमच्या क्षत्रप नाण्यावर काट्याची चूक मोठी ठरते, तीनदा मोजून मधला आकडा घ्या. पोटीनला ही परीक्षा लावू नका. तो मिश्रधातू, प्रमाण ठरलेलं नाही. आणि खऱ्या चांदीत केलेली नक्कल या परीक्षेत पास होते हे विसरू नका. वजन आणि घनता बनावट नाणं पकडून देतात, खरेपणाचा दाखला देत नाहीत.

टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढायला सराफ्यात गेलात तर यंत्रावरच काढायला सांगा. कसोटीवर घासू देऊ नका, कड कापू देऊ नका. एक ओरखडा आणि नाण्याची निम्मी किंमत जाते. यंत्र फक्त वरचा पृष्ठभाग वाचतं, तरी उपयोग होतो. आहत नाणं ९९.९ टक्के शुद्ध किंवा बरोबर ९२.५ टक्के निघालं तर मला शंका येते. ती आजच्या कारखान्यांची शुद्धता आहे. सातवाहन ‘तांब्यात’ भरपूर जस्त निघालं तर ते बहुधा आजचं पितळ आहे.

पाचवी पायरी: कुणाकडून आणि कसं

बर्डीच्या फुटपाथवर किंवा एखाद्या यात्रेत चादरीवर मांडलेल्या ढिगातून प्राचीन नाणं घेऊ नका, निदान पहिली काही वर्षं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेषांत मोडतात, त्यांचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परवान्याबद्दल विचारायला लाजू नका. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयात विचारा.

लिलावात बोली लावत असाल तर आधी कागद घेऊन बसा. हातोडीच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, लिलावघराचं कमिशन आणि कर चढतो, एकूण आकडा बोलीच्या आधी काढा.

पक्कं बिल घ्या. त्यावर नाण्याचं वर्णन, वजन आणि ‘अस्सल नसल्यास परत’ हे शब्द हवेत. तोंडी हमी टपरीवर मलाही मिळाली होती. बिलाचं नाव काढल्यावर किंमत एकदम खाली आली तर नाणं ठेवून निघा. जुन्याजाणत्या संग्राहकांशी ओळख वाढवा. नागपुरात कुणीही काका तुमचं नाणं पाहायला नाही म्हणत नाही. फक्त पैसे देण्याआधी दाखवा. दिल्यानंतर दाखवलंत तर समोरचा माणूस तुमचं मन मोडायला कचरतो आणि ‘बरं आहे’ म्हणून सोडून देतो. मीही असं केलेलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं.

घरी आणल्यावर

चिंच, लिंबू, पितांबरी, राख, काहीही लावू नका. दसऱ्याला भांडी घासतो तसं नाणं घासलं की दोन हजार वर्षांचा थर दोन मिनिटांत जातो आणि परत येत नाही. स्वस्त, मऊ पीव्हीसी अल्बममध्ये तांब्यावर काही वर्षांत हिरवा चिकट राप येतो. कागदी पाकिटं किंवा मायलर या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडकीचे होल्डर वापरा. शिशाची नाणी लाकडी कपाटात, व्हिनेगर किंवा लोणच्याजवळ ठेवू नका, आम्लाच्या वाफेनं त्यांची पांढरी भुकटी होते. शिसं हाताळल्यावर हात धुवा आणि ती लेकरांपासून लांब ठेवा.

प्रत्येक नाण्याचं वेगळं पाकीट करा आणि त्यावर पेन्सिलीनं लिहा: तारीख, कुणाकडून, किंमत, वजन, व्यास, काय वाचता आलं. विकणाऱ्यानं सांगितलेलं ठिकाण अवतरणचिन्हात लिहा, म्हणजे ते त्याचं म्हणणं आहे हे पुढच्या माणसाला कळेल. फसलेल्या नाण्यांचंही पाकीट ठेवा. माझी ती अकरा नाणी अजून माझ्याकडे आहेत. पाकिटावर लाल शाईनं मोठ्या अक्षरात ‘बनावट’ लिहिलंय, आणि माझ्यामागे कपाट उघडणाऱ्या मुलीला ती कुणालाही विकायची नाहीत हे सांगून ठेवलंय.